चौदा पायऱ्या आणि चार बोटं

समुद्रकाठच्या आमच्या हटन्स गावातल्या पतंग क्लबात एक नियम आहे, आणि तो मूर्खपणाचा आहे हे मी हेडलीच्या तोंडावर तीनदा सांगितलंय. पतंगाला लटकून पाण्यावरून दहा मीटर उंच उडेल त्यानेच वरच्या व्हरांड्यात जेवायला बसायचं, बाकीच्यांनी जिन्याखाली. कुणी ठरवलं, कुठे लिहिलंय, कुणाला माहीत नाही. पण हेडली क्लबचा सेक्रेटरी, जन्मभर जमिनी मोजत आलेला माणूस. त्याला अर्धा मीटर सोडून दे म्हणणं म्हणजे भिंतीशी बोलणं. जो वर जातो त्याचं नाव तापलेल्या लोखंडाने पायरीवर डागतात. चौदा पायऱ्या आहेत आणि त्यांवर बत्तीस नावं आहेत.

त्या बत्तिसांत माझ्या नवऱ्याचं, नीनोचं, नाव नव्हतं.

नीनोने तीस वर्षं या किनाऱ्यावर क्रेफिशचे, म्हणजे शेवंडांचे, सापळे ओढले. त्याच्या बापाने तेच केलं, आणि इटलीहून आलेल्या आजोबांनीही तेच. बोट विकली तेव्हा मला धास्ती होती की आता हा घरात बसून माझं डोकं खाणार. तसं झालं नाही. त्याने कमरेला हुकाचा पट्टा बांधला, पायाखाली फळी घेतली आणि पन्नाशी उलटून गेल्यावर पतंगाच्या दोरीला लटकून समुद्रावर उंडारायला लागला. मग मीही लागले. तसंही आमच्या घरामागच्या शेडमध्ये मी शिडं शिवायचे, त्यात लोकांचे फाटके पतंग यायला लागलेच होते.

फळीला काड्यापेटीएवढी डबी लावलेली असते, काढता-घालता येणारी, ती उडीची उंची मोजते. नीनोची सगळ्यात उंच उडी नऊ मीटर साठ. ती मारली त्याला चार उन्हाळे झाले. त्यानंतर नऊ-तीस, नऊ-चाळीस, एकदा नऊ-पंचावन्न, आणि घोडं तिथेच अडलेलं. या वर्षी तर वेळच संपत आली होती. समुद्राने क्लबखालची वाळूची टेकडी इतकी खाल्ली की इमारत पाडायचं ठरलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी शेवटचं जेवण, आणि सोमवारी सकाळी मशीन. नवा क्लब कारपार्कच्या मागे बांधणार, एकमजली. म्हणजे जिना नाही, वर नाही आणि खालीही नाही. त्या रविवारपर्यंत नीनो वर गेला नाही तर तो कधीच जाणार नव्हता.

आता माझी गोष्ट सांगून टाकते, लपवायला मला जमत नाही. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, नीनो दाढ काढायला जेराल्डटनला गेला होता. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. दक्षिणेचा वारा असा काही सुटला होता की मी शिलाई टाकून पाण्यात गेले. तिसऱ्या उडीला डबीने आकडा दाखवला, दहा-चाळीस. मी वाळूत बसून एकटीच हसले, मग घरी येऊन नीनोसाठी पातळ सूप केलं. कुणाला बोलले नाही. मी वर गेले असते तर हा माणूस जिन्याखाली मांडीवर ताटली घेऊन एकटा बसला असता, आमच्या बिस्किट नावाच्या कुत्र्याशी बोलत. ते मला बघवलं नसतं. म्हणून मीही खालीच बसत आले, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, छे, मला कुठे जमतंय.

शेवटच्या रविवारच्या आधीचा रविवार. नीनो पाण्यातून आला, फळी वाळूत आपटली. वरून टेगनने कठड्यावर कोपरं टेकली. ही पोरगी औषधांच्या दुकानात काम करते, वय एकोणीस, आणि चौदा मीटर उडते. जीभ त्याहून उंच जाते.

"किती झालं, नीनो?"

"वारा नाही आज," नीनो म्हणाला.

"मला तर होता."

"तू वजनाने किती, पोरी? तुला शिंक आली तरी तू उडशील."

"मग शिंकून बघ. सॉस वरून टाकू का, की कॉरली येईल घ्यायला?"

कॉरली म्हणजे मी. मी वर जाऊन, म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंतच, सॉसची बाटली घेतली. तिसऱ्या पायरीपर्यंत चालतं. डबी दाखवत होती नऊ-तीस. नीनोने सॉसेज पावात घातलं आणि निम्मं कुत्र्याला दिलं. त्याने खाणं टाकलं की प्रकरण गंभीर आहे हे मला कळतं.

मंगळवारी त्याचा पतंग शेडमध्ये आला. मागच्या कडेची शिवण उसवली होती. उसवणारच, कारण कापड तिथे सतत फडफडून विरलं होतं. असा पतंग माझ्याकडे येतो तेव्हा तो मला मालकाच्या चुका सांगतो. मी दांडीही काढून पाहिली. दांडी म्हणजे हातात धरायचा तो दांडा. ती जवळ ओढली की पतंग जोराने खेचतो, लांब सोडली की ढिला पडतो. नीनोच्या दांडीची पोटाकडची बाजू हुकावर आपटून आपटून पार कुरतडली होती. म्हणजे प्रत्येक उडीला हा बाबा दांडी पोटात खुपसत होता.

आणि मग तो ट्रिमचा पट्टा. दांडीच्या वर असतो तो. तो खेचला की पुढच्या दोऱ्या आखूड होतात, सोडला की लांब, आणि त्यावर पतंग वाऱ्यात किती कलून उभा राहील ते ठरतं. नीनोने त्या पट्ट्याला निळ्या सुतळीची खूण बांधली होती, सापळ्याच्या दोरांना बांधायचा तशीच, घट्ट आणि देखणी. नऊ-साठच्या दिवशी पट्टा जिथे होता तिथे. चार वर्षं रोज तो पट्टा त्या खुणेवर आणून ठेवत होता आणि वाऱ्याला शिव्या घालत होता. खुणेच्या एका अंगाचा पट्टा उन्हाने पांढरा पडला होता, दुसऱ्या अंगाचा नव्यासारखा लाल.

"नीनो," मी रात्रीच्या जेवणाआधी म्हटलं, "दोऱ्या एकदा हुकाला लावून बघू या. सारख्या आहेत का."

"सारख्याच आहेत."

"कशावरून?"

"मी मोजल्यात म्हणून."

"कधी?"

"घेतल्या तेव्हा."

"पाच वर्षं झाली, नीनो. पुढच्या दोऱ्यांवर सगळं वजन येतं, त्या ताणतात."

"दोर एकदा ओला करून धक्क्यावर ताणून घेतला की तो जन्मभर तेवढाच राहतो. तीस वर्षं माझे सापळे त्याच दोरांवर होते. दर रविवारी दोऱ्या हुकाला लावून मोजतात ते पर्थचे शहरी लोक. खूण आहे ना माझी? ती खोटी नाही."

"खूण खरी असेल, दोरी खोटी आहे."

"तू शिव," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, शिवतेच आहे, तुझं फाटकं चार वर्षं शिवतेय, आणि दांडी पोटात खुपसायची ती सवयही सापळ्यांचीच, काहीही ताणलं की तू ओढतोस, बायकोने एक शब्द सांगितला तर तुला तो ऐकू येत नाही. बरंच काही बोलले, सगळं इथे सांगण्यासारखं नाही. तो उठून बाहेर गेला आणि आधीच स्वच्छ असलेली गाडी धुवायला लागला.

दोन दिवस आम्ही बिस्किटमार्फत बोललो. "बिस्किट, तिला सांग दूध संपलंय." "बिस्किट, त्याला सांग दुकान उघडं आहे." बिचारं कुत्रं एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघे.

शुक्रवारी सकाळी मी शेडमध्ये मशीनला तेल घालत होते. नीनो दारात उभा राहिला, हातात गुंडाळलेली दांडी.

"ते हुकाचं," तो म्हणाला.

"काय हुकाचं?"

"माझ्याकडे वेळ आहे म्हणून विचारलं."

मी तेलाची बाटली ठेवून उठले. एक शब्द बोलले असते तर तो परत फिरला असता. गाडीच्या मागच्या हुकाला आम्ही चारही दोऱ्यांची टोकं अडकवली, आणि तो दांडी घेऊन अंगणभर मागे चालत गेला, थेट कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत. मी म्हटलं, पट्टा पूर्ण सोड. त्याचा हात खुणेवर अडखळला, पण त्याने सोडला. मग दांडी कमरेशी ओढली. अशा वेळी चारही दोऱ्या सारख्या ताठ व्हायला हव्यात. मागच्या दोन ताठ झाल्या. पुढच्या दोन मधोमध लोंबत राहिल्या.

मी टोकाशी जाऊन दोऱ्यांत बोटं घातली. एक, दोन, तीन, चार. चार बोटांचा फरक.

"किती?" तो तिकडून ओरडला.

"ये आणि बघ."

तो आला आणि त्याने स्वतःची बोटं घातली. त्याची बोटं जाड, त्यामुळे साडेतीनच भरली, पण त्याने तो मुद्दा काढला नाही. बर्फाच्या पेटीवर बसला.

"म्हणजे पतंग सगळा वेळ मागे ओढलेला," तो म्हणाला.

"गळा धरल्यासारखा. मग तो वर धावणार कसा? आणि तू उडताना आणखी ओढतोस."

"चार उन्हाळे, कॉरली."

मला इतकं वाईट वाटलं की मी मंगळवारचं सगळं विसरले. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. मी त्याच्यासाठी चहा आणला, दोन चमचे साखर घालून, डॉक्टर एक म्हणतो तरी.

मागच्या दोऱ्यांच्या टोकाला ओळीने गाठी असतात. त्याने दोन्हीकडे दोन-दोन गाठी बाहेर सरकवल्या, परत हुकाला लावून ओढून पाहिलं, चारही ताठ. मग खिशातला चाकू काढला आणि निळी खूण कापून टाकली.

"अरे, आता ती बरोबर झाली असती," मी म्हटलं.

"नको. परत चुकेल आणि मी परत तिच्यावरच विश्वास ठेवीन. पट्टा कुठे ठेवायचा ते माझ्या हाताला कळायला हवं."

"हात अर्धवट वाकलेला असताना पतंग सगळ्यात जास्त ओढतोय असं वाटलं पाहिजे. त्याच्या पलीकडे तू दांडी जवळ घेतलीस की तो गुदमरतो."

"आणि उडी?"

मी दांडी वाळत घालायच्या तारेला अडकवली आणि त्याला तिच्यासमोर उभा केला. शेजारच्या बाईने कुंपणावरून पाहिलं आणि आत गेली. मी म्हटलं, हे बघ, जोरात जायचं, फळीची कड पाण्यात रुतवून ठेवायची. आभाळाचं घड्याळ धर, पतंग अकराच्या काट्याला. आता त्याला एकाच्या काट्याकडे पाठव, आणि पाठवताना ढील दे.

"ढील? उडायचं असताना?"

"ढील. थोडीशी, वीतभर. तो मोकळा झाला की पळतो. तू कड सोडू नकोस, थांब. ओढावंसं वाटेल, तरी थांब. तो डोक्यावर आला, कमरेतून वर उचललं गेलं, की तेव्हा पाय ताठ कर आणि मग दांडी जवळ घे. पण पोटात खुपसू नकोस."

"आणि थांबलो आणि उचललंच नाही तर?"

"उचलतं," मी म्हटलं. "वाटतं चुकलं, आणि तेवढ्यात उचलतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुला कसं माहीत?"

"शिवून शिवून कळतं."

"हो का," तो म्हणाला, आणि तारेला लटकलेल्या दांडीला ढील द्यायला लागला. शंभरदा दिली असेल. सुरुवातीला प्रत्येक वेळी हात पोटाकडे यायचा, मी चापट मारायचे.

रविवारी सकाळपासून जमिनीवरून भट्टीसारखा पूर्वेचा वारा होता, आणि माशा. अकरापर्यंत सगळा क्लब जमला. टेगनने पाव्हलोवा, अंड्याच्या फेसाचा मलईदार केक, आणला होता, तो उन्हाने एका बाजूला खचला होता. हेडली जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसला होता, बाजूला लोखंड तापवायची शेगडी, उगाचच पेटवलेली. चार वाजता जिना बंद करून इमारत पाडणाऱ्यांना किल्ली द्यायची होती. एक वाजला, दीड वाजला, पाणी सपाट. नीनो फळीवर बसून एकटक दक्षिणेकडे बघत होता. पावणेदोनला दूर क्षितिजापाशी वाऱ्याची काळी रेघ दिसली आणि पंधरा मिनिटांत वाळू पोटऱ्यांना टोचायला लागली.

मी त्याचा पतंग धरला, त्याने मान हलवली, मी सोडला. पतंग वर गेला तो निराळाच गेला, हलका आणि चपळ. नीनो गांगरला. पहिल्याच उडीला तो तिरका वर फेकला गेला आणि पाठीवर पडला. वरून टेगनने टाळ्या वाजवल्या, तिला वाटलं मुद्दाम.

दुसरी उडी, मला किनाऱ्यावरून दिसलं, हात पोटात. सवय. तिसरीलाही तेच. तो किनाऱ्याशी आला तेव्हा हेडलीने डबी पाहिली.

"नऊ-सत्तर."

"त्याची आजवरची सगळ्यात उंच," मी म्हटलं.

"नऊ-सत्तर," हेडली पुन्हा म्हणाला.

नीनोचे ओठ पांढरे पडले होते. साठ वर्षांच्या गुडघ्यांना तासभर पाणी म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी म्हटलं, पाणी पी, बस. तो म्हणाला, तीन वाजून गेले. मी म्हटलं, नीनो, नाही झालं तर नाही झालं, आपण दोघं खाली आहोत ना, खाली सावली असते. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी भलतंच बोलले.

"तेच तर नको," तो म्हणाला आणि परत पाण्यात गेला.

मी गुडघाभर पाण्यात त्याच्यामागे चालत गेले. तो आत गेला, वळला, किनाऱ्याकडे आला, परत वळला. वारा आता पुरता भरला होता. मला दिसलं की त्याने वर हात नेऊन पट्टा थोडा सोडला, थांबला, पुन्हा किंचित खेचला. न बघता, नुसत्या हाताने. मग कड रुतली, मागे पाण्याची भिंत उठली. पतंग अकराला. पतंग सुटला.

मी ओरडले, ढील. वाऱ्यात त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण त्याचे हात लांब गेले. पोटाकडे आले नाहीत, लांब गेले, आणि तो थांबला. इतका थांबला की मला वाटलं गेली उडी. मग पाणी त्याच्यापासून सुटलं आणि तो वर गेला, गुडघे जवळ घेऊन, गप्प, वर वर. वरच्या व्हरांड्यात बडबड थांबली. तो उतरला तोही पतंग पुढे घेऊन, अलगद, आणि तसाच थेट किनाऱ्याकडे निघाला. पतंग खाली घेऊन त्याने फळी हेडलीकडे दिली.

हेडलीने चष्मा पुसला. डबी उन्हातून सावलीत नेली.

"दहा-दहा," तो म्हणाला.

वर जो गलका झाला तो सांगायला नको. टेगन जिन्यावरून धावत खाली आली आणि नीनोच्या गळ्यात पडली, तिच्या हातातला पाव्हलोवा त्याच्या कानाला लागला. हेडलीने लोखंड शेगडीत घातलं. "चौदावी पायरी मोकळी आहे," तो म्हणाला. "चल, गड्या."

नीनो हलला नाही.

"आधी हिचं नाव," तो म्हणाला.

"हिचं कशासाठी?" हेडलीने विचारलं.

नीनोने माझ्या पिशवीतून माझी डबी काढली आणि बटणं दाबत मागे मागे गेला. हेडलीसमोर धरली. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, मंगळवार, दहा-चाळीस.

मी नीनोच्या कमरेचा पट्टा धरून त्याला माझ्याकडे वळवलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच नाताळात माझ्या डबीची बॅटरी गेली होती, तुझी नेली होती. आकडे आत राहतात, कॉरली."

"आणि दोन वर्षं गप्प बसलास?"

"बोललो असतो तर काय केलं असतंस? वर गेली असतीस?"

उत्तर त्याला माहीतच होतं.

"तू माझ्याशिवाय जाणार नव्हतीस," तो म्हणाला. "मग मला दहा मारणं आलंच. मला त्या व्हरांड्याचं काय पडलंय? तिथे ऊन असतं."

टेगन रडायला लागली, म्हणजे मला रडायला कुणी जागाच ठेवली नाही. हेडलीने डबीवरची तारीख दोनदा वाचली आणि गुडघ्यावर बसला. चौदाव्या पायरीवर आधी माझं नाव डागलं, मग त्याचं. लाकूड जळल्याचा वास आला. सोमवारी ती पायरी मशीनखाली जाणार होती, पण हेडलीने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि म्हणाला की चार वाजल्यानंतर ती कुठे जाईल त्याची क्लबकडे नोंद नसेल.

आम्ही वर निघालो. नीनोने माझा हात धरला होता, दोर धरावा तसा, पार बोटं पांढरी होईपर्यंत. सातव्या पायरीवर मी म्हटलं, "ढील दे की जरा."

"इथे नाही," तो म्हणाला.